साडेसहा ते साडेआठ: ठाणे खाडीचं पाणी मोजणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
ठाणे खाडीच्या पाण्याचे नमुने घेणारे, तपासणारे आणि त्या आकड्यांवर सह्या करणारे सर्व अधिकारी,
ठाणे आणि नवी मुंबई.

विषय: खाडीचा सामू मोजण्याची पद्धत, आणि त्या मोजणीत कधीच न आलेल्या चिंबोऱ्या, म्हणजे खाडीतले खेकडे.

महोदय, महोदया,

पाणी तपासणीच्या अहवालात सामूचा, म्हणजे पीएचचा, एक रकाना असतो. त्यात ६.५ ते ८.५ यांमधला कोणताही आकडा आला की शेजारी ‘मर्यादेत’ असा शेरा पडतो आणि कागद पुढच्या टेबलावर सरकतो. त्या आकड्याबद्दल आमची तक्रार नाही, ती या शेऱ्याबद्दल आहे. वर्षानुवर्षं तोच शेरा वाचून गप्प बसणं आता जमत नाही, म्हणून हे पत्र जाहीरपणे लिहीत आहोत. आमच्यातले काही जण खाडीत फग, म्हणजे खेकडे पकडायचे सापळे, टाकतात, काही प्राणिशास्त्र शिकवतात, काही प्रयोगशाळेत पाणी तपासतात. दिवाळे, सारसोळे, घणसोली, विटावा इथल्या घरांची चूल अजूनही थोडीफार या पाण्यावर पेटते, एवढं सांगितलं की आमचा संबंध पुरेसा स्पष्ट व्हावा.

सामूची पट्टी साधी नसते, दहाच्या पटीत चालते. सामू १ ने उतरला म्हणजे पाण्यातले हायड्रोजन आयन दहापट झाले. ८.५ वरून ६.५ वर आला म्हणजे शंभरपट. ज्या मर्यादेच्या दोन टोकांत शंभरपट अंतर आहे, तिच्या ‘आत’ असणं म्हणजे नेमकं कुठे असणं? औद्योगिक युगाच्या आधीपासून आजवर जगातल्या समुद्राच्या पृष्ठभागाचा सामू सरासरी ८.२ वरून ८.१ वर आला आहे. घट ०.१ ची, पण आम्लता वाढली सुमारे २६ टक्के. माणूस हवेत सोडतो त्या कार्बन डायऑक्साइडपैकी साधारण चौथा हिस्सा समुद्र पितो, त्याचा हा परिणाम. उत्सर्जन असंच वाढत राहिलं तर शतकाअखेर आणखी ०.३ ते ०.४ ची घट धरली जाते. या संकटावर जगभर परिषदा भरतात. आपल्या तक्त्यात मात्र ते संपूर्ण संकट ‘मर्यादेत’ बसतं, आणि वर जागाही उरते.

केंद्राच्या किनारी पाण्याच्या निकषांत मिठागरं, कालवं-शिंपल्यांची पैदास आणि संवेदनशील क्षेत्रं पहिल्या वर्गात येतात, व्यापारी मासेमारीचं पाणी दुसऱ्या वर्गात. दोन्हींना सामूची पट्टी एकच, ६.५ ते ८.५. अमेरिकेच्या १९८६ च्या निकषातही हीच पट्टी आहे, पण तिला एक शेपूट जोडलेलं आहे: त्या जागेच्या नैसर्गिक चढउताराबाहेर ०.२ हून जास्त फरक पडता कामा नये. आमचं सगळं भांडण त्या शेपटासाठी आहे.

आता चिंबोरीकडे वळू.

परातीत पाणी घालून चिंबोरी ठेवा आणि तिच्या तोंडाशी नीट पाहा. डोळ्यांच्या मधोमध आखूड मिशांची एक जोडी दिसेल. ती एका जागी राहत नाही. दर काही क्षणांनी झटका देते, थांबते, पुन्हा झटकते. हे तिचं हुंगणं आहे. मिशीच्या टोकाला बारीक लवेचा झुबका असतो. झटक्यासरशी लवेतलं जुनं पाणी निघून जातं, नवं शिरतं, आणि त्या पाण्यातल्या वासाचे रेणू संवेदनपेशींना लागतात. गढूळ खाडीत डोळ्यांचा फारसा उपयोग नाही. मेलेला मासा कुठे आहे, नर की मादी, वाट पाहणारा शत्रू आहे की नाही, हे सगळं तिला या झटक्यांतून कळतं. फगात बांधलेल्या माशाच्या मुंडीचा वास तिला लागतो तोही असाच.

पाणी आम्लाकडे झुकलं की हे हुंगणं बिघडतं. २०११ साली इंग्लंडमधल्या प्लिमथच्या संशोधकांनी शंखात राहणाऱ्या हर्मिट खेकड्यांना पाच दिवस ६.८ सामूच्या पाण्यात ठेवलं. अंगाला अपुरा शंख मिळालेल्या खेकड्यासमोर चांगला शंख ठेवला तरी बदलणारे कमी झाले, ज्यांनी बदलला त्यांना वेळ जास्त लागला, आणि मिशांचे झटके मंदावले. पुढच्याच वर्षी त्याच चमूने दाखवलं की अशा पाण्यात अन्नाचा वास शोधण्यातही खेकडा मागे पडतो. २०१६ मध्ये हल विद्यापीठात किनाऱ्यावरच्या हिरव्या खेकड्याच्या माद्यांवर काम झालं. पोटाखाली अंडी धरलेली मादी रासायनिक संकेत मिळताच पोट हलवून अंड्यांना ताजं पाणी देते. सामू ७.७ केला तेव्हा तेवढ्याच हालचालीसाठी जास्त तीव्र संकेत लागला, कारण आम्लाने संकेताच्या रेणूवरचा विद्युतभार आणि त्याचा आकारच बदलला होता. म्हणजे नाक शाबूत असलं तरी वासच वेगळा झाला. २०२३ मध्ये टोरांटो विद्यापीठाच्या संशोधकांनी डंजनेस खेकड्यावर दाखवलं की आम्लधर्मी पाण्यात अन्नाचा वास ओळखायला सुमारे दहापट तीव्रता लागते.

प्लिमथच्या प्रयोगातला ६.८ हा आकडा पुन्हा वाचा. हवामानबदलाच्या अंदाजापेक्षा तो कितीतरी टोकाचा आहे, नेहमीच्या समुद्राच्या जवळपास वीसपट आम्ल. ज्या पाण्यात खेकड्याला स्वतःचं घर निवडता येईना, त्या पाण्याचा नमुना आपल्या प्रयोगशाळेत आला असता तर त्यावरही ‘मर्यादेत’ हाच शिक्का पडला असता.

दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर हे पत्र म्हणजे नुसती ओरड होईल. खाडीतले खेकडे समुद्रातल्यांपेक्षा चिवट असतात. बिळातलं पाणी निसर्गतःच कार्बन डायऑक्साइडने भरलेलं असतं, आणि खेकडा रक्तातलं बायकार्बोनेट वाढवून ते सोसतो. कवचाचंही तसंच. २००९ च्या एका अमेरिकी अभ्यासात निळ्या खेकड्याचं कवच जास्त कार्बन डायऑक्साइडमध्ये उलट अधिक चुनखडी धरू लागलं. माशांच्या वर्तनावरचे काही गाजलेले प्रयोग २०२० मध्ये पुन्हा करून पाहिले तेव्हा निष्कर्ष टिकले नाहीत. म्हणूनच बाजारात चिंबोरी टणक आणि भरलेली दिसते हा खाडी ठीक असल्याचा पुरावा नाही, आणि परदेशातला प्रयोग हा आपली खाडी बिघडल्याचा पुरावा नाही. सोसण्याला शक्ती लागते, ती कात टाकण्यातून आणि अंडी धरण्यातून वजा होते. ती किती वजा होते, हे इथल्या जातींवर, इथल्या पाण्यात मोजल्याशिवाय कळणार नाही. आणि मोजणी नेमकी इथेच चुकते.

नमुना कधी घेतला जातो, यापासून चूक सुरू होते. मुंबईच्या किनाऱ्यावर अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला भरती दुपारी बारा-एकच्या सुमारास लागते आणि ओहोटीचा तळ पहाटे सहा-सातला. खाडीत आत जावं तशी वेळ थोडी पुढे सरकते. म्हणजे कार्यालयाची गाडी अकराला निघाली तर उधाणाच्या दिवसांत बाटलीत चढतं ते बाहेरून आलेलं ताजं समुद्राचं पाणी, ते सुद्धा उन्हात, पाण्यातल्या शेवाळाने कार्बन डायऑक्साइड शोषून घेतल्यावरचं. सगळ्यांत वाईट पाणी पहाटेच्या ओहोटीला असतं. रात्रभर जिवाणू आणि प्राणी श्वास घेत राहतात, प्रकाशसंश्लेषण बंद असतं, आणि चिखलातलं झिरपलेलं पाणी त्याच वेळी नाल्यांतून खाली उतरतं. भांगाच्या, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या लहान भरतीच्या, दिवसांत ओहोटी दुपारी येते खरी, पण ऊन आकडा सावरून घेतं. खाडी काही हजेरीपटाप्रमाणे चालत नाही, पण नमुने तसे घेतले जातात. नमुन्यावर भरतीची वेळ लिहिलेली नसेल तर दोन महिन्यांच्या आकड्यांची तुलना करण्यात अर्थ नाही.

मग बाटली. प्लास्टिकच्या बाटलीतून वायू आतबाहेर होतो. वर हवा ठेवून हलवलं तर कार्बन डायऑक्साइड उडून सामू चढतो. झाकण घट्ट लावून चार तास गाडीत ठेवलं तर जिवाणू श्वास घेत राहतात आणि सामू उतरतो. दोन्ही चुका एकाच बाटलीत झाल्या तर आकडा योगायोगाने बरा दिसतो. नमुना २५० मिलिलिटरच्या बोरोसिलिकेट काचेच्या बाटलीत, नळी तळाशी टेकवून, बुडबुडे न येऊ देता, बाटलीच्या दीड-दोनपट पाणी ओसंडू देऊन भरावा. वर साधारण एक टक्का जागा सोडावी, ५० मायक्रोलिटर संपृक्त मर्क्युरिक क्लोराइड घालावं, ग्रीस लावलेलं काचेचं बूच बसवावं. मर्क्युरिक क्लोराइड विषारी आहे. हातमोजे हवेत, आणि उरलेलं पाणी मोरीत ओतायचं नाही.

मीटरचंही तेच. ४, ७ आणि १० चे बाजारातले बफर, म्हणजे मीटर जुळवायची ठरावीक सामूची द्रावणं, गोड्या पाण्यासारखे, कमी क्षाराचे असतात. त्यांवर जुळवलेला काचेचा इलेक्ट्रोड खाऱ्या पाण्यात बुडवला की वाचन सरकतं, आणि समुद्रशास्त्रात वापरल्या जाणाऱ्या ‘टोटल’ मापापेक्षा ते साधारण ०.१ ते ०.१५ ने वेगळं येतं. कृत्रिम समुद्रपाण्यात बनवलेला ट्रिस बफर वापरला तर हा घोळ बराच कमी होतो. खाडीत क्षारता, म्हणजे खारटपणा, बदलत राहते, म्हणून मेटा-क्रेसॉल पर्पल रंगद्रव्य घालून वर्णपटमापीवर ४३४ आणि ५७८ नॅनोमीटरला मोजणं अधिक भरवशाचं. तापमान हा आणखी एक सापळा. दर अंशामागे सामू साधारण ०.०१५ ने हलतो. खाडीत पाणी ३१ अंश आणि वातानुकूलित खोलीत २४ अंश असेल तर केवळ त्यानेच ०.१ चा फरक पडतो. दोनशे-अडीचशे वर्षांत समुद्र जितका बदलला, तितका फरक एसीच्या बटणाने पडतो.

नुसत्या सामूवरून कारण तर कळतच नाही. त्यासाठी सोबत एकूण क्षारीयता मोजावी लागते. आम्ल सोसण्याची पाण्याची ताकद म्हणजे ती, आणि ०.१ नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्लाच्या अनुमापनाने (टायट्रेशनने) ती कोणत्याही बऱ्या प्रयोगशाळेत निघते. सामू, क्षारीयता, तापमान आणि क्षारता हे चार आकडे हाती असले की पाण्यातला कार्बन डायऑक्साइड गणिताने काढता येतो. किनारी देखरेखीसाठी सामूची अचूकता ०.०२ आणि क्षारीयतेची १० मायक्रोमोल प्रतिकिलो पुरेशी मानतात. आम्ही अशक्य काही मागत नाही.

कारणाचा मुद्दा यासाठी महत्त्वाचा, की ठाणे खाडी फक्त हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने आम्लधर्मी होत नाही. दोन कारणं आपल्या दारातली आहेत. पहिलं सांडपाणी. त्यातला सेंद्रिय मळ कुजताना प्राणवायू घटतो आणि तेवढाच कार्बन डायऑक्साइड सुटतो. अमोनियाचं नायट्रेट होताना तर क्षारीयताच खाल्ली जाते: एक मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजनमागे ७.१४ मिलिग्रॅम, कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबात. खाडी दक्षिणेला रुंद आणि ठाण्याकडे चिंचोळी. त्या टोकाला पाणी नीट धुतलं जात नाही, म्हणून तिथला मळ भरती-ओहोटीबरोबर नुसता मागेपुढे होत राहतो. कारखान्यांच्या सांडपाण्याच्या सर्वसाधारण निकषात सामूची मर्यादा ५.५ ते ९ आहे. ५.५ चं पाणी नियमाने सोडता येतं, हे लक्षात असू द्या.

दुसरं कारण फार थोड्यांच्या ध्यानात येतं: चिखल. तिवरांच्या (खारफुटीच्या) मुळाशी, हवा नसलेल्या काळ्या चिखलात, समुद्राच्या पाण्यातलं सल्फेट आणि मातीतलं लोह यांपासून जिवाणू लोहाचं सल्फाइड, पायराइट, तयार करतात. पाण्याखाली आहे तोवर ते निरुपद्रवी. बांध घालून भरतीचं तोंड बंद केलं, किंवा धारण तलाव, रस्ता, पायलिंग यांसाठी तो चिखल उपसून काठावर ढीग घातला, की हवा लागते आणि त्याचं सल्फ्युरिक आम्ल होऊ लागतं. वाळलेल्या भेगांत फिकट पिवळे डाग दिसले तर समजावं. पहिल्या मोठ्या पावसात ते सगळं नाल्यातून खाडीत उतरतं. उपसलेला गाळ म्हणजे नुसती माती, असं समजून निविदा निघतात. तपासणी महाग नाही. चमचाभर चिखलाचा सामू आधी घ्यायचा, मग ३० टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडचे काही मिलिलिटर घालून पुन्हा घ्यायचा. तो ३ च्या खाली कोसळला तर ढीग घालायचा नाही. पेरॉक्साइड उकळल्यासारखं फसफसतं, चष्मा आणि हातमोजे हवेतच. कुजलेल्या पानांचा चिखलही फसफसतो, म्हणून शंकास्पद नमुने प्रयोगशाळेत पक्के करून घ्यायचे आणि निघालेल्या आम्लाच्या दीडपट हिशेबाने शेतीचा चुना मिसळायचा.

ही खाडी २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे, २०२२ पासून रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ. साडेसहा हजार हेक्टरांच्या या पाणथळीत पक्ष्यांची गणना होते, छायाचित्रांची प्रदर्शनं भरतात, ऐरोलीहून बोटी सुटतात. चांगलंच आहे. पण चिखलात बिळं करून त्याला हवा देणारा, गळलेली तिवराची पानं फोडणारा खेकडा कोणत्याच गणनेत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या २०१५ च्या शाश्वत विकास उद्दिष्टांत १४.३ हे कलम समुद्राच्या आम्लीकरणासाठीच आहे आणि ठरलेल्या ठिकाणी सामू मोजणं हे त्याचं मोजमाप आहे. भारताने ते मान्य केलेलं आहे.

तेव्हा आमच्या मागण्या अशा:

१. विटावा, ऐरोली, घणसोली, वाशी, करावे आणि बेलापूर अशी सहा कायमची ठिकाणं ठरवा. दर महिन्याला एक नमुना उधाणाच्या पहाटेच्या ओहोटीला आणि एक भांगाला घ्या. प्रत्येक ऋतूत एकदा सलग १३ तास, दर तासाला मोजा, म्हणजे भरती-ओहोटीचं पूर्ण चक्र हाती येईल. पाण्यात कायमचा संवेदक बसवणार असाल तर तो आठवड्याला पुसायला माणूसही नेमा. गाळ आणि शेवाळ बसलेला संवेदक बिनधास्त खोटं बोलतो.

२. सामूबरोबर एकूण क्षारीयता, तापमान, क्षारता आणि विरघळलेला प्राणवायू मोजा. काठावरच्या चिखलात ५ आणि १५ सेंटिमीटर खोलीवरचं झिरपपाणीही सिरिंजने ओढून तपासा. खेकडा पुलाच्या मधोमध राहत नाही.

३. तीन वर्षांत प्रत्येक ठिकाणाचा ऋतूनुसार पाया ठरवा. त्यानंतर ०.२ हून जास्त घट दिसली तर, आकडा ६.५ च्या वर असला तरीही, कारण शोधणं बंधनकारक करा.

४. खाडीलगतच्या प्रत्येक उपशाच्या निविदेत वर सांगितलेली चिखलाची चाचणी घाला. पाणथळींची भरतीची तोंडं बुजलेली असतील तिथे ती मोकळी करा.

५. खेकड्याचं वर्तन मोजा. हे खर्चाचं काम नाही, खाडीकाठची महाविद्यालयं करू शकतात. चिखलावर ५० बाय ५० सेंटिमीटरची चौकट ठेवा, पंधरा मिनिटं हलू नका, मग एकच मोठी नांगी मिरवणारे फिडलर खेकडे किती बाहेर येतात आणि नर मिनिटाला किती वेळा नांगी हलवतात ते मोजा. सावली पडली तरी ते बिळात जातात, म्हणून सूर्य पाठीशी घेऊ नका.

प्रयोगशाळेत चिखली चिंबोरीची पिल्लं घ्या, कवच ४-५ सेंटिमीटर रुंद, प्रत्येक गटात २०, प्रत्येकीला वेगळी टाकी, नाहीतर एकमेकींना खातात. एका गटाला खाडीचं गाळलेलं पाणी, दुसऱ्याला त्याहून ०.३ कमी सामूचं. सामू उतरवायला सिलिंडरचा कार्बन डायऑक्साइड सोडा. नुसतं हायड्रोक्लोरिक आम्ल ओतलं तर क्षारीयता घटते आणि प्रयोग दुसऱ्याच गोष्टीचा होतो. पाच दिवस सवय होऊ द्या, शेवटचे दोन दिवस उपाशी ठेवा. तिसऱ्यांचं (शिंपल्यांचं) १० ग्रॅम मांस १०० मिलिलिटर पाण्यात वाटून गाळा, दहापट, शंभरपट, हजारपट पातळ करा, आणि बारीक नळीने ५ मिलिलिटर सोडा. आधीची आणि नंतरची तीन मिनिटं चित्रित करा. मिशांचे झटके मोजणाऱ्याला कोणती टाकी कोणती हे ठाऊक नसावं. माशांवरच्या प्रयोगांतून शिकायचं ते एवढंच. नुकती कात टाकलेली चिंबोरी तशीही खात नाही, ती वगळा. काम झालं की सगळ्या परत खाडीत.

६. सगळे आकडे वेळ, भरतीची स्थिती, तापमान आणि वापरलेलं माप यांसह संकेतस्थळावर टाका. सरासरी नको. कच्चे आकडे हवेत.

येत्या अमावस्येच्या दुसऱ्या दिवशी पहाटे, ओहोटीच्या तळाला, आम्ही ऐरोलीच्या काठावर काचेच्या बाटल्या आणि ट्रिस बफर घेऊन उभे असू. तुमच्यापैकी एकाने तुमचा नेहमीचा मीटर घेऊन यावं. एकाच बादलीतलं पाणी दोघांनी मोजू आणि दोन्ही आकडे एकाच कागदावर, दोघांच्या सहीने लिहू. चिखल गुडघाभर असतो, बूट उंच आणा.

आपले,
ठाणे खाडीकाठचे मासेमार, प्राणिशास्त्राचे शिक्षक आणि पाणी तपासणारे तंत्रज्ञ